उघडू नये म्हणून बनवलेली पेटी

ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकाच्या मागच्या कवचाला आतून सह्या आहेत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी मॅकिंटॉश विभागातल्या माणसांनी एका मोठ्या कागदावर सह्या केल्या. त्यांवरून साचा बनला आणि कारखान्यातून निघणाऱ्या कवचांच्या पोटात त्या सह्या उमटल्या. स्टीव्ह जॉब्ज, बिल ॲटकिन्सन, अँडी हर्ट्झफेल्ड, बरेल स्मिथ अशी सगळी मंडळी तिथे आहेत. विकत घेणाऱ्याला त्या दिसू नयेत याचा बंदोबस्तही याच मंडळींनी केला होता. कवच टॉर्क्स टी-१५ जातीच्या स्क्रूंनी बंद, त्यातले दोन हँडलच्या खोबणीत इतके खोल की वीतभर दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. नवी कार्डे बसवायला खाचा नाहीत, मेमरी वाढवायची सोय नाही. ग्राहकाने आत डोकावू नये हा जॉब्ज यांचा हट्टच होता.

या हट्टाचे उत्तर काळाने उलटे दिले. आज जे जुने मॅक सुरू होतात, ते जवळपास सगळे कोणीतरी उघडलेले आहेत. ज्यांना चाळीस वर्षांत कोणी हात लावला नाही, ते बाहेरून देखणे आणि आतून मेलेले असण्याची शक्यताच जास्त. जुने मॅक जमवणे, वापरणे आणि दुरुस्त करणे हा छंद आज अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये चांगलाच फोफावला आहे. त्यातले सगळे वाद फिरून एकाच प्रश्नाशी येतात : जपायचे ते नेमके काय? वस्तू, तिचे चालणे, की तिच्यावर केलेले काम?

आधी वस्तूबद्दल. २४ जानेवारी १९८४ रोजी आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशची किंमत २,४९५ डॉलर होती. मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, १२८ किलोबाइट मेमरी, नऊ इंची काळापांढरा पडदा, ५१२ गुणिले ३४२ ठिपके आणि ४०० किलोबाइटची एक फ्लॉपी. हार्ड डिस्क नाही. एवढ्या मेमरीत फाइलची नक्कल करायची तर दोन फ्लॉप्या आलटूनपालटून कितीतरी वेळा आतबाहेर कराव्या लागत. संग्राहकांना हेच मॉडेल सर्वांत हवेसे वाटते. माझ्या मते वापरायला यापेक्षा निरुपयोगी मॅक क्वचितच निघाला असेल. तो इतिहासाचा तुकडा म्हणून कपाटात शोभतो, पण त्याच्यावर तासभर काम करून पाहावे म्हणजे १९८४ सालचे खरेदीदार किती सोशिक होते ते कळते.

मॅक तसे दुर्मीळ नाहीत. मार्च १९८७ पर्यंत दहा लाख मॅक तयार झाले होते. दहा लाखावा मॅक कंपनीने जेफ रॅस्किन यांना भेट दिला. १९७९ साली हा प्रकल्प सुरू करणारे आणि पुढे जॉब्ज यांच्याशी न पटून बाहेर पडलेले हेच ते रॅस्किन. ॲपलच्या पहिल्या संगणकाला, म्हणजे ॲपल-१ ला, लिलावात लाखो डॉलर मिळतात, कारण तो जेमतेम दोनशेच्या घरात बनला. मॅकमध्ये तसा भाव मुख्यतः नमुना-यंत्रांना येतो. मॅकमध्ये आधी ‘ट्विगी’ नावाचा सव्वापाच इंची ड्राइव्ह बसणार होता. तो भरवशाचा ठरेना, म्हणून शेवटच्या टप्प्यात सोनीचा साडेतीन इंची ड्राइव्ह आला. ट्विगी असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे नमुने उरले आहेत. त्यातला एक २०१९ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात सुमारे दीड लाख डॉलरला गेला. बाकीचा बाजार सामान्य माणसाच्या आवाक्यातला आहे, आणि छंद वाढायचे खरे कारणही तेच.

जाणकारांचे एकमत होईल असे एखादेच मॉडेल निवडायचे झाले तर ते एसई/३०. जानेवारी १९८९ मध्ये आलेल्या या यंत्राचा चेहरामोहरा जुन्याच पेटीचा, पण आत ६८०३० प्रोसेसर, गणितासाठी वेगळी चिप, कार्डासाठी एक खाच आणि १२८ मेगाबाइटपर्यंत मेमरी घेण्याची तयारी. १९८९ साली एवढी मेमरी कोणी बसवत नव्हते. त्याच्या रॉममधल्या उणिवेमुळे ती पूर्ण वापरताही येत नव्हती. ‘मोड३२’ नावाची छोटी प्रणाली टाकली की येते. आज पस्तीसेक वर्षांनंतर लोक हौसेने १२८ मेगाबाइट भरतात आणि आपण जगज्जेते असल्यासारखे छायाचित्र काढतात. मॅक प्लस, एसई, क्लासिक ही नवशिक्याची यंत्रे. रंगीत पडद्याची आवड असणारे १९९३ च्या कलर क्लासिककडे वळतात. १९९४ नंतरचे पॉवरपीसी मॅक, १९९८ चा अर्धपारदर्शक आयमॅक, २००० चा क्यूब या पुढच्या पिढीच्या आठवणी. त्यांच्यात मला फारसा रस नाही आणि त्यांचे प्लास्टिक ठिसूळ झाले की दुरुस्तीही वैतागवाणी होते, म्हणून इथे ते बाजूला ठेवतो.

आता ही यंत्रे मरतात कशी, ते पाहू. या विषयाचा खरा गाभा हाच आहे.

पहिला मारेकरी बॅटरी. घड्याळ आणि काही जुजबी नोंदी टिकवण्यासाठी लॉजिक बोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, ३.६ व्होल्टची, नेहमीच्या पेन्सिल सेलच्या निम्म्या उंचीची लिथियम बॅटरी असते. वीसतीस वर्षांनी ती फुटते. आतले रसायन तांब्याचे ट्रॅक खाते, चिपांचे पाय खाते, खालचे लोखंडी चॅसिसही गंजवते. कित्येक एसई/३० आणि क्लासिक असे गेले आहेत की उघडल्यावर अर्ध्या बोर्डाचा चुराच हाती यावा. पहिला मॅक, ५१२के आणि प्लस यांची बॅटरी मागच्या बाजूला स्वतंत्र कप्प्यात, बाहेरून बदलता येईल अशी होती. त्यामुळे जुनी यंत्रे नव्यांपेक्षा जास्त शाबूत सापडतात. नंतरच्या अभियंत्यांनी ती बोर्डावर का नेली याची कारणे काहीही असोत, पुढच्या पिढ्यांनी त्याबद्दल त्यांना बोल लावला आहे.

दुसरा मारेकरी कपॅसिटर, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात तो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बोर्डाच्या पृष्ठभागावर थेट डागायचे, ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आले. जागा वाचली, जुळणी झटपट झाली. पण त्यांची बुडाशी असलेली रबरी सील वर्षानुवर्षे टिकेल इतकी चांगली नव्हती. आतला द्रव हळूहळू झिरपतो आणि शेजारच्या जोडांवर पसरतो. तो विद्युतवाहक असतो, शिवाय गंजवणाराही. एसई/३० मध्ये असे डझनभर कपॅसिटर आहेत. लक्षणे ठरलेली : आवाज आधी बारीक होतो, मग बंद पडतो. त्यानंतर कधीतरी यंत्र सुरू केले की पडद्यावर आडवे काळेपांढरे पट्टे येतात आणि पुढे काही होत नाही. जपानी छांदिष्टांनी या पट्टेरी अवस्थेला ‘सिमासिमॅक’ म्हटले आणि ते नाव सगळीकडे रुळले.

इलाज अवघड नाही, पण सावकाश करायचा आहे. बोर्ड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ धुवायचा, मग जुने कपॅसिटर काढायचे, पॅड साफ करायचे आणि तिथे टँटलम किंवा सिरॅमिक जातीचे नवे डागायचे, जे गळत नाहीत. गळलेल्या द्रवाला सोल्डरिंग गनची ऊब लागली की सुकटीसारखा वास सुटतो. तो वास आला की निदान पक्के. घाईत ओढून काढले तर तांब्याचा पॅडही सोबत येतो आणि मग केसाएवढ्या तारेने ट्रॅक जोडत बसावे लागते. या छंदातले निम्मे कौशल्य हे असे दुसऱ्याची घाई निस्तरण्यात जाते.

पॉवर आणि पिक्चर ट्यूब सांभाळणारा ॲनालॉग बोर्ड हा निराळा प्रकार आहे. जॉब्ज यांना पंख्याचा आवाज नको होता, म्हणून १९८४ पासून प्लसपर्यंत पंखाच नाही. उष्णता वर चढत राहिली आणि बोर्डावरचे जोड तापून-निवून चिरले. बाजूला थाप मारली की चित्र येते, अशा प्लसमध्ये बहुतेक वेळा ड्राय सोल्डरच असतो. पुन्हा डाग दिला की काम होते. या दुरुस्त्यांची शास्त्रशुद्ध मांडणी लॅरी पिना यांनी १९९०च्या सुमारासच करून ठेवली. त्यांचे ‘द डेड मॅक स्क्रोल्स’ हे १९९२ चे पुस्तक लक्षणावरून थेट सुट्या भागापर्यंत नेते, आणि आजही ते उघडे ठेवून काम करणारे लोक आहेत.

धोका मात्र इथेच आहे. ट्यूबच्या ॲनोडवर बारा हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ राहू शकतो. काही मॉडेलांत तो आपोआप उतरतो. जाणकार त्यावर विसंबत नाहीत, आधी तो जमिनीला जोडून उतरवतात. माणसापेक्षा जास्त वेळा जीव जातो तो ट्यूबचा : तिच्या मानेवरची छोटी पाटी ओढून काढताना काचेची मान तुटते, हवा आत शिरते, संपले. अशा नऊ इंची ट्यूब आता बनत नाहीत. म्हणजे फुटलेली प्रत्येक ट्यूब म्हणजे जगातला एक मॅक कमी.

फ्लॉपी ड्राइव्हचे दुखणे साधे वंगणाचे. ग्रीस सुकून घट्ट होते, फ्लॉपी बाहेर टाकणारी छोटी मोटर जोर लावते आणि तिचे प्लास्टिकचे दातेरी चाक तुटते. नवी चाके आता थ्रीडी प्रिंटरवर छापून मिळतात. हार्ड डिस्कचे दुखणे मात्र असाध्य म्हणावे असे. त्या काळच्या काही डिस्कमध्ये हेडला थांबवणाऱ्या रबरी गुटक्यांचा डांबरासारखा चिकट लगदा झाला आहे आणि हेड त्यात अडकून पडते.

इथून वाद सुरू होतो. मृत हार्ड डिस्कच्या जागी आज ब्लूएससीएसआय किंवा झुलूएससीएसआय नावाचे काडेपेटीएवढे बोर्ड बसवतात. त्यात मेमरी कार्ड टाकले की मॅकला ती स्कझी (एससीएसआय) जोडणीची हार्ड डिस्कच वाटते. फ्लॉपीच्या जागी ‘फ्लॉपी एमू’ हे उपकरण हजारो डिस्कांच्या प्रतिमा पुरवते. गंजून गेलेल्या एसई/३० च्या लॉजिक बोर्डाची नक्कल छांदिष्टांनी ट्रॅकनट्रॅक मोजून पुन्हा तयार केली आहे. जुन्या बोर्डावरच्या चिपा काढून नव्यावर डागल्या की यंत्र चालते. पारदर्शक ॲक्रिलिकचे नवे कवचही मिळते. मूळपणाचे अभिमानी याला बनावट म्हणतात.

मला हा आक्षेप पटत नाही. संग्रहालयाला मूळ वस्तू हवी, हे मान्य. अमेरिकेतल्या माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमपासून इटलीतल्या सव्होना गावच्या ॲपल संग्रहालयापर्यंत अनेक ठिकाणी मूळ वस्तू जपल्या जात आहेत. ॲपलने स्वतःचा ऐतिहासिक संग्रह १९९७ मध्येच स्टॅनफर्ड विद्यापीठाला देऊन टाकला. मूळपणाचा भार वाहायला तेवढ्या संस्था पुरेत. घरात ठेवलेल्या यंत्राने चालावे. शिवाय कंपनीचा नियम पाहा : विक्री थांबून सात वर्षे झाली की तिच्या लेखी यंत्र कालबाह्य, सुटे भाग बंद. ज्या यंत्राला बनवणाऱ्यानेच वाऱ्यावर सोडले, त्याला कुणी घरी बसून नवा बोर्ड छापून दिला, तर त्याच्या शुद्धतेची चौकशी करण्याचा अधिकार कोणाला?

जिथे मी मूळपणाच्या अभिमान्यांच्या बाजूने आहे, ती गोष्ट म्हणजे पांढरे करण्याचे वेड. मॅकचे फिकट रंगाचे प्लास्टिक कालांतराने पिवळे पडते. त्यात आग लागू नये म्हणून मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त रसायनांकडे याचे बोट दाखवले जाते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवले की रंग परत येतो. २००८ च्या सुमारास या युक्तीला ‘रेट्रोब्राइट’ नाव मिळाले. रंग येतो, पण असमान, डाग पडतात, आणि बऱ्याचदा काही वर्षांत पिवळेपणाही परततो. छायाचित्रात छान दिसण्यासाठी प्लास्टिकशी केलेली ही झटापट मला अनाठायी वाटते. जुने यंत्र जुने दिसले तर बिघडले कुठे?

मग चालवून करायचे काय? बरेच लोक लिहितात. पूर्ण पडदा, एकच काम, सूचनांचा त्रास नाही. बरेच लोक खेळतात. काहींना १९८७ च्या हायपरकार्डचे वेड आहे. बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेली ही प्रणाली नव्या मॅकसोबत फुकट मिळे आणि प्रोग्रॅमिंग न शिकलेला माणूसही तिच्यात पत्त्यांची चळत रचावी तशी स्वतःची प्रणाली रचू शके. १९९३ चा ‘मिस्ट’ हा गाजलेला खेळ हायपरकार्डवरच बांधला होता. ॲटकिन्सन जून २०२५ मध्ये गेले. त्यांच्या मॅकपेंट या चित्रे काढण्याच्या प्रणालीचा मूळ कोड कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१० मध्ये सर्वांना खुला केला. काही मंडळी दर मार्च महिन्यात जुन्या मॅकवर जोमाने काम करतात. २०२४ पासून त्यांनी जगभरच्या आपापल्या घरांतली, मॅक एकमेकांना जोडणारी ॲपलटॉक जाळी इंटरनेटवरून एकमेकांना जोडून दाखवली. दूर देशातल्या अनोळखी माणसाच्या प्रिंटरवर आपला मॅक कागद छापतो. उपयोग शून्य, मजा शंभर टक्के.

यंत्राशिवायही हा अनुभव घेता येतो. मिनी व्हीमॅक, बॅसिलिस्क यांसारखी एम्युलेटर जुना मॅक नव्या संगणकात उभा करतात. इंटरनेट आर्काइव्हने २०१७ मध्ये जुने मॅक ब्राउझरमध्येच चालवून दाखवले. सॉफ्टवेअर जपण्याच्या दृष्टीने हे पेटी जपण्यापेक्षा जास्त मोलाचे आहे, हे संग्राहकांना ऐकायला आवडत नाही. पण एम्युलेटरला खायला फ्लॉपीवरचा मजकूर लागतो, आणि तो वाचायला बहुधा खरे यंत्रच लागते. ४०० आणि ८०० किलोबाइटच्या फ्लॉप्या फिरण्याचा वेग जागेनुसार पाच टप्प्यांत बदलतो. म्हणून यूएसबीला जोडायचा बाजारातला ड्राइव्ह त्या वाचूच शकत नाही. १.४४ मेगाबाइटच्या तेवढ्या वाचतो.

आपल्याकडचा धागा इथे जुळतो. १९८५ मध्ये लेझररायटर प्रिंटर आणि पेजमेकर आले आणि छपाईची मांडणी मेजावर आली. मुंबई-पुण्यातल्या जाहिरात संस्थांत आणि मोठ्या मुद्रणालयांत मॅक शिरला तो या दारातून. मराठी अक्षरजुळणीचे बहुतांश काम पुढे विंडोजवर गेले तरी मॅकवरही देवनागरी होती. नव्वदच्या दशकात ॲपलने भारतीय लिप्यांचा स्वतंत्र संच काढला आणि त्याची देवनागरी १९९१ च्या भारतीय मानकावर बेतलेली होती. त्याआधीचे आणि इतरांचे फाँट मात्र ज्याचे त्याचे निराळे. तो फाँट नसेल तर आजच्या संगणकावर त्या फाइलीत मराठीऐवजी अर्थहीन चिन्हे दिसतात. त्यात मॅकची आणखी एक खोड : जुन्या मॅक फाँटचा सगळा ऐवज फाइलीच्या एका निराळ्या भागात असतो, ज्याला रिसोर्स फोर्क म्हणतात. ती फाइल पेन ड्राइव्हवर घालून विंडोजवर नेली की हा भाग गळतो आणि उरते शून्य बाइटची फाइल. म्हणजे नीट नक्कल केली असे समजून कोणी मूळ डिस्क फेकून दिली, की फाँट गेला आणि त्यात जुळवलेली पुस्तके-अंकही वाचता येईनासे झाले. आजचे मॅकही मदतीला येत नाहीत, कारण जुन्या एचएफएस डिस्क वाचण्याची सोय ॲपलने २०१९ मध्ये काढून टाकली.

इथे छंद करू पाहणाऱ्याच्या अडचणी निराळ्या आहेत. वापरलेले संगणक परदेशातून आणण्यावर सरकारी निर्बंध आहेत, म्हणून मागवणे सोपे नाही. कोणी नातेवाइकाने आणलाच, तर अमेरिकन १२८के, ५१२के आणि प्लस ११० व्होल्टवर चालतात, थेट आपल्या सॉकेटला लावले की धूर. एसई आणि एसई/३० दोन्ही दाब स्वीकारतात. कोकणपट्टीची दमट हवा गंजाला खतपाणी घालते. जमेची बाजू अशी की काळ्यापांढऱ्या टीव्हीचे फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर आणि पिक्चर ट्यूब हाताळलेले मेकॅनिक आपल्याकडे तालुक्याच्या गावीही अजून भेटतात, आणि कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. पाश्चात्त्य छांदिष्ट ज्या ॲनालॉग बोर्डाला बिचकतात, तो या मेकॅनिकांना रोजच्यासारखा वाटेल. लॉजिक बोर्डाचे बारीक काम मोबाइल दुरुस्तीवाला करील. या दोघांची गाठ घालून देणारा कोणी हवा, एवढेच.

तेव्हा कुणाच्या छापखान्याच्या माळ्यावर, जाहिरात संस्थेच्या अडगळीत किंवा निवृत्त कलादिग्दर्शकाच्या कपाटात असा मॅक असेल, तर ‘चालतो का बघू’ म्हणून वीज लावू नका. आधी दाब तपासा, कवच जाणत्या माणसाकडून उघडून घ्या, बॅटरी त्याच दिवशी काढून टाका. आणि यंत्र भंगारात द्यायचेच ठरले, तरी फ्लॉप्या आणि हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा. एखाद्या मराठी अंकाची मूळ जुळणी फक्त तिथेच उरलेली असू शकते.